माईक हातात येण्याआधी : सूत्रसंचालनावर वाचकांचे प्रश्न

गणपती, नवरात्र, मग शाळांची स्नेहसंमेलने आणि संक्रांतीची हळदीकुंकवे. या चार-पाच महिन्यांत गावोगावी कुणाच्या तरी गळ्यात सूत्रसंचालन पडते, तेही बहुतेक वेळा ‘तुझा आवाज बरा आहे’ एवढ्याच भांडवलावर. या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयाला ५० वर्षे होत आहेत. मंचावर सात पाहुणे, २५ जणांचे सत्कार आणि एका स्मरणिकेचे प्रकाशन आहे. सगळे दोन तासांत बसवायचे आहे. क्रम कसा लावू? आणि लिहून किती नेऊ? (शिक्षिका, तासगाव तालुका)

आधी घड्याळ मांडा, शब्द नंतर. दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन ७ मिनिटे, स्वागतगीत ४, सात पाहुण्यांचे स्वागत ७, प्रास्ताविक ८, सत्कार २१, प्रकाशन ५, दोन मनोगते मिळून १०, प्रमुख पाहुणे २५, अध्यक्ष १५, आभार ४, राष्ट्रगीत १. बेरीज झाली १०७. म्हणजे तुमच्या वाट्याला १३ मिनिटे उरली, आणि तीही कुणीच वेळ ओलांडली नाही तर. हा हिशेब कागदावर मांडून आयोजकांपुढे ठेवा. मनोगते दोनाची चार करण्याचा उत्साह तिथल्या तिथे ओसरतो.

सगळा कार्यक्रम फसतो तो सत्कारांत. एका सत्काराला ५० सेकंद धरले आहेत, कारण पुढची व्यक्ती पायऱ्यांपाशी उभी आहे असे गृहीत आहे. तीच व्यक्ती बाराव्या रांगेत बसली असेल, नाव पुकारल्यावर चप्पल शोधून, शेजाऱ्यांचे गुडघे ओलांडून येणार असेल, तर दीड मिनिट जाते. २५ गुणिले दीड म्हणजे साडेसदतीस मिनिटे. सतरा मिनिटे तिथेच बुडाली. म्हणून सत्कारमूर्तींना पुकारण्याच्या क्रमानेच पहिल्या दोन रांगांत बसवा आणि पुढचे तिघे कायम पायऱ्यांशी उभे ठेवा. शाली प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून आधीच काढून, घडी मोकळी करून तबकात लावा. मंचावर पिशवीची ती चिकटपट्टी सोलण्यात प्रमुख पाहुण्यांची नखे झिजतात. एका कार्यकर्त्याकडे शाल-श्रीफळ देण्याचे काम, दुसऱ्याकडे रिकामे तबक नेण्याचे. छायाचित्रकाराला सांगून ठेवा, प्रत्येकाचा एकच फोटो. घरच्यांना हवे ते फोटो कार्यक्रमानंतर.

दीपप्रज्वलनाची तयारी तुमचे काम नसले तरी नजर तुमचीच हवी, कारण वात पेटेना की सभागृह तुमच्याकडे बघते. वाती आदल्या तासात तेलात भिजवून, पिळून, टोके वर काढून ठेवायची. टोकाला कापराची चिमूट लावली की पहिल्या स्पर्शात पेटते. पाहुण्यांच्या हाती काडी देऊ नका, पेटती मेणबत्ती द्या. काडेपेट्या दोन ठेवा. मंचावरचा पंखा आणि एसीचा झोत समईच्या दिशेने नाही ना, हे पाहा.

अध्यक्षपदाची सूचना आणि अनुमोदन अजून पाळत असाल तर ते अगदी सुरुवातीला, एका मिनिटात. अध्यक्षीय भाषणानंतर फक्त आभार येतात. उशिरा आलेल्या कुणाला तरी ‘दोन शब्द’ बोलायला त्यानंतर उभे केले की तो अध्यक्षांचा अवमान ठरतो. तसा आग्रह झालाच तर अध्यक्ष उठण्यापूर्वी चिठ्ठी पाठवून त्यांची परवानगी घ्या. चहापानाची सूचना आभारांबरोबर द्या, राष्ट्रगीतानंतर नको. २०२३ पासून महाराष्ट्राला अधिकृत राज्यगीतही आहे. ते ठेवणार असाल तर तेव्हाही सावधान उभे राहायचे असते, हे लोकांना आधी सांगावे लागते.

लिहून नेण्याबद्दल : ए-फोर कागद नेऊ नका. तो माईकजवळ खसखसतो आणि हात थरथरत असेल तर साऱ्या सभागृहाला दिसतो. पोस्टकार्डाएवढी जाड कार्डे घ्या. एका कार्डावर एकच बाब, कोपऱ्यात ठळक क्रमांक, आणि डाव्या कोपऱ्याला भोक पाडून सैल दोरा. दोरा नसेल आणि गठ्ठा हातून सुटला, तर क्रमांक असूनही जमिनीवरून गोळा करण्यात दोन मिनिटे जातात. कार्डावर पूर्ण वाक्ये फक्त तीन ठिकाणी लिहा : सुरुवात, पाहुण्यांचा परिचय आणि आभाराकडे वळतानाचे वाक्य. बाकी ठिकाणी नाव, पद आणि दोन मुद्दे पुरतात. मंचावर संथपणे बोलताना मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. तुमच्या १३ मिनिटांत फार तर दीड हजार शब्द, आणि तेही २५ नावांसकट.

प्रश्न : पाहुण्यांच्या नावामागे काय काय लावायचे? गेल्या वर्षी एका कवींना ‘पद्मश्री’ न म्हटल्याबद्दल त्यांच्या चाहत्यांनी आम्हाला धारेवर धरले. (सांस्कृतिक मंडळाचे कार्यवाह, नाशिक)

बरोबर तुम्हीच होता. पद्म पुरस्कार आणि भारतरत्न या पदव्या नाहीत; नावाच्या मागे-पुढे त्या लावता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात हे पुरस्कार वैध ठरवताना ही अट स्पष्ट केली आहे. निमंत्रणपत्रिका आणि मंचामागचा फ्लेक्स यांनाही तोच नियम. परिचयात ‘भारत सरकारने पद्मश्रीने गौरवलेले’ असे एकदा, ठसठशीत म्हणा. मान कमी होत नाही.

बाकी ‘सन्माननीय, आदरणीय, ज्येष्ठ, श्रेष्ठ’ ही माळ एकाच नावाला लागली की उरलेल्यांना ती का नाही, असा प्रश्न उभा राहतो. सगळ्यांना एकच विशेषण किंवा कुणालाच नाही, हे धोरण सुरक्षित. मंत्री, खासदार, आमदार, जिल्हाधिकारी एका मंचावर असतील तर नावांचा क्रम स्वतः ठरवू नका. राजशिष्टाचारानुसारचा क्रम आयोजकांनी जिल्हा प्रशासनाकडून लेखी घ्यावा आणि तुम्ही तो जसाच्या तसा वाचावा. उद्या कुणी रुसले तर दाखवायला कागद असतो.

नावाचा उच्चार दोन दिवस आधी फोन करून त्या व्यक्तीकडून किंवा घरच्यांकडून ऐकून घ्या. दाते की दात्ये, गोखले की गोखल्ये, रानडे की रानडें, असल्या शंकांची उत्तरे पत्रिकेत सापडत नाहीत. इंग्रजीत छापलेल्या पत्रिकेत तर मुळीच नाही. कार्डावर उच्चाराप्रमाणे लिहा, शुद्धलेखन बाजूला ठेवून. आणि संस्थेतले हुद्दे ताजे आहेत का ते विचारा. माजी अध्यक्षांना विद्यमान म्हटले की विद्यमान अध्यक्ष शेजारीच बसलेले असतात.

प्रश्न : मी बोलायला लागले की माईक शिट्टी मारतो. दुसरे बोलतात तेव्हा होत नाही. आवाजाचा दोष आहे का? (वाचक, अकोला)

आवाजाचा नाही, हाताचा किंवा जागेचा. शिट्टी वाजते कारण स्पीकरमधून निघालेला आवाज माईकमध्ये परत शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. पहिले कारण : तुम्ही मुख्य स्पीकरच्या पुढे किंवा मॉनिटरच्या (मंचावर कलाकारांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरच्या) तोंडासमोर उभ्या असाल. दोन पावले मागे सरका. दुसरे, आणि तुमच्या बाबतीत बहुधा हेच : माईकची जाळी मुठीत धरत असाल. हातातले बहुतेक माईक समोरचा आवाज घेतात, मागचा टाळतात. जाळी झाकली की तो मागचे दरवाजे बंद करण्याचा गुण जातो आणि चोहोबाजूंचा आवाज आत घुसतो. दांडा मधोमध धरा. बिनतारी असेल तर तळाचे टोकही मोकळे ठेवा, तिथे अँटेना असते. ते झाकले की आवाज तुटतो.

अंतर चार बोटे. खूप लांब धरला तर ऑपरेटर आवाज वाढवतो आणि मग शिट्टी अटळ. अगदी ओठांसमोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना धप्प असा आवाज येतो. म्हणून हनुवटीच्या बाजूने किंचित तिरका धरा. फुंकर मारू नका, टिचकीही नको. ‘हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग’ने ऑपरेटरला काही कळत नाही, कारण ते आपण कार्यक्रमातल्या आवाजात म्हणतच नाही. पहिले कार्ड खऱ्या जोरात वाचून दाखवा, तो त्यावर पातळी लावील. सभागृह भरल्यावर आवाज थोडा शोषला जातो हे त्याला माहीत असते, पण नवखा असेल तर सांगा. बिनतारी माईकचे सेल कार्यक्रमाआधी नवे घाला. ‘अजून चालतील’ म्हणून ठेवलेले सेल प्रमुख पाहुण्यांच्या भाषणातच संपतात.

प्रश्न : निवेदनात शेरोशायरी आणि चारोळ्या किती असाव्यात? (महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर)

दोन तासांत दोन. तिसरी म्हणावीशी वाटली तर पुढचे नाव पुकारा. कवीचे नाव माहीत नसेल तर ओळी वगळा. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या निम्म्या ओळी ज्याच्या नावावर खपतात त्याच्या नसतात. ‘जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत’ हे वाक्य एकदाही नको.

प्रश्न : संक्रांतीला सोसायटीत ‘खेळ पैठणीचा’ ठेवला आहे. साठ जणींची नावे आली आहेत. बाहेरचा निवेदक परवडत नाही, म्हणून मीच करणार. फेऱ्या कशा ठेवू? (गृहिणी, डोंबिवली)

साठ जणींना एकदम मैदानात उतरवू नका, नाहीतर कोण जिंकले यावर महिनाभर लिफ्टमध्ये अबोला.

पहिली फेरी : बारा-बारा जणींचे पाच गट. खेळ दोन मिनिटांचा, पण चढणे, उतरणे, नियम सांगणे धरून गटाला सहा मिनिटे. प्रत्येक गटातून तिघी पुढे. अर्ध्या तासात पंधरा उरतात. दुसरी फेरी : पाच जणींचे तीन गट, प्रत्येकातून दोघी, गटाला सात मिनिटे. सहा जणी उरल्या. आता खेळ थांबवा आणि सहाही जणींशी दोन-दोन मिनिटे गप्पा मारा, उखाणा घ्या. यात कुणाला बाद करायचे नाही. प्रेक्षक खरे रमतात ते इथेच. मग सहा जणींचा एक खेळ, त्यातून दोघी, आणि अंतिम खेळ. सुरुवातीची दहा आणि बक्षिसांची दहा मिनिटे धरून सगळे ९५ मिनिटांच्या आसपास होते. साडेसातची वेळ छापली तर पावणेआठच्या आत कुणी येत नाही. तरी साडेनऊला आटोपते.

ही साडेनऊची गाठ महत्त्वाची. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते, पण तुमच्या हळदीकुंकवाचा दिवस जिल्हाधिकाऱ्यांच्या त्या यादीत असेलच असे नाही. निवासी भागात दिवसाही मर्यादा ५५ डेसिबलची आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र. आवारासमोर प्रसूतिगृह असेल तर कार्यक्रम सभागृहात घ्या.

खेळ निवडताना ‘हरली ती कशामुळे हरली’ हे तपासा. बांगड्या भरण्याच्या खेळात सगळ्यांना ‘२-४’ या लहान मापाच्या बांगड्या दिल्या तर ज्यांचे हात मोठे त्या सुरू होण्याआधीच हरल्या. सगळ्यांसाठी ‘२-१०’ या मोठ्या मापाच्या आणा, आणि काचेच्या नको, धातूच्या. सुई ओवण्यात चष्मा विसरलेल्या हरतात; त्याऐवजी दाभण आणि सुतळी द्या. फुगे फुगवून फोडायचे असतील तर साठ जणींसाठी शंभरांचे पाकीट लागते. काही फुगे तोंडाशीच फाटतात, काहींचे तोंड इतके घट्ट असते की गाल दुखतात, म्हणून आधी हाताने ताणून ठेवा. गुडघेदुखी असलेल्यांसाठी प्रत्येक गटातला खेळ खुर्चीवर बसून खेळता येईल असाच ठेवा. वेगळी सवलत दिली की कुरकुर होते. निकाल ‘कोण आधी’ यावर न ठेवता ‘ठरलेल्या वेळात किती’ यावर ठेवा. आकडा मोजता येतो, आधी-नंतर नाही. परीक्षक दोघी, शक्यतो शेजारच्या सोसायटीतल्या. बरोबरी झाली तर तोच खेळ वीस सेकंद पुन्हा. निकाल तुम्ही जाहीर करा, पण ठरवू नका.

बोलण्यात वजन, रंग, सासू आणि ‘गोड बातमी कधी?’ हे चारही विषय बंद. हमखास हशा मिळतो म्हणून लोक तिकडे वळतात, आणि एक बाई त्या संध्याकाळनंतर सोसायटीच्या कार्यक्रमाला येत नाही. त्याऐवजी विचारा : या सोसायटीत राहायला कधी आलात, स्वयंपाकघरात कोण लुडबुड करते, शेवटचा सिनेमा थिएटरात कुठला पाहिला. उखाण्यात नवऱ्याचेच नाव हवे अशी सक्ती नको. मुलीचे, आईचे, मैत्रिणीचे, स्वतःचे, कुणाचेही चालेल, हे सुरुवातीलाच सगळ्यांसाठी जाहीर करा. मग कुणाला वेगळे पडावे लागत नाही. नावनोंदणीच्या फलकावर ‘सर्व महिलांसाठी’ असे लिहा. हळदीकुंकू म्हटले की विधवा मैत्रिणी आपणहून नाव देत नाहीत. त्यांच्या दारी जाऊन बोलावणे करावे लागते, आणि ते निवेदिकेने केलेले चांगले.

प्रश्न : जत्रेतल्या नाटकात मध्येच चिठ्ठ्या येतात : अमक्याकडून नटाला १०१ रुपये बक्षीस. वाचल्या नाहीत तर देणारे नाराज, वाचल्या तर नाटक बसते. (मंडळाचे सदस्य, पेडणे, गोवा)

चिठ्ठ्या पहिल्यापासून घ्या, पण प्रवेश संपल्यावरच वाचा, आणि ही पद्धत नांदीआधी माईकवर सांगून टाका. चिठ्ठीवर नाव, वाडा आणि रक्कम एवढेच. आजोबांच्या स्मृत्यर्थ लिहिलेला परिच्छेद वाचायचा नाही. एकेका प्रवेशानंतर दोन मिनिटांची मर्यादा ठेवा, उरलेल्या मध्यंतरात. रक्कम मोठी म्हणून क्रम बदलू नका. ज्या क्रमाने चिठ्ठी आली त्या क्रमाने. पैसे निवेदकाने हाती घेऊ नयेत, खजिनदाराकडे जावेत.

प्रश्न : आमच्याकडे वर्षातून एक सुगम संगीताचा आणि एक शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम होतो. दोन्हीकडे एकाच पद्धतीने बोलतो, पण शास्त्रीयच्या वेळी कलाकार वैतागलेले दिसतात. (निवेदक, कोल्हापूर)

वैतागणारच. सुगम संगीतात गाण्यांमधला दुवा निवेदकाने जोडायचा असतो, शास्त्रीय मैफलीत जोडण्यासारखे मध्ये काही नसते.

सुगमचा हिशेब असा : तीन तासांतून मध्यंतराची १५ मिनिटे वजा केली की १६५ उरतात. २२ गाणी साडेपाच मिनिटांची धरली तर १२१ गेली. राहिलेल्या ४४ मिनिटांत टाळ्या, वादकांची अदलाबदल आणि तुम्ही. गाण्यामागे मिनिटभर, कुठे दोन, कुठे नुसते गीतकार-संगीतकारांची नावे. प्रत्येक गाण्याला किस्सा नको, आणि गाण्याचा मुखडा आधी वाचून दाखवू नका. सुरावटीचे पहिले दोन स्वर ऐकून प्रेक्षक ‘अहाहा’ म्हणतात, ती जागा तुम्ही खाता. तालमीला बसा. कोणत्या गाण्याआधी तबल्याची पट्टी बदलायची, कुठे बासरी बदलायची, हे संयोजकाकडून कार्डावर उतरवा आणि लांब निवेदन नेमके तिथे टाका. वादक तयार झाला की मान हलवील. त्यानंतर एका वाक्यात संपवायचे.

शास्त्रीय मैफलीत कलाकार, गुरू, घराणे, आणि साथीला तबल्यावर, संवादिनीवर, तानपुऱ्यावर व स्वरसाथीला कोण, एवढे दोन-तीन मिनिटांत सांगून बाजूला व्हा. तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यांची नावे गाळू नका. राग आधी जाहीर करू नका. कलाकार मंचावर बसल्यावर वेळ आणि आवाज बघून बेत बदलतो, आणि तुम्ही सांगितलेला राग गळ्यात बांधला जातो. तानपुरे जुळत असताना माईकवर बोलणे हा तर सरळ उपद्रव. स्वर लावणाऱ्याला ऐकू येत नाही. परिचय जुळणीआधी संपवा. पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला गेलात तर आनंद देशमुख यांचे निवेदन त्यासाठी कान देऊन ऐका. सुगमच्या बाजूला मंगला खाडिलकर आणि सुधीर गाडगीळ.

प्रश्न : पाहुणे तासभर उशिरा, मध्येच वीज गेली, गर्दीत मूल हरवले. अशा वेळी माईकवर काय बोलायचे? (गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते, ठाणे)

उशीर : ‘पाहुणे काही क्षणांतच येत आहेत’ हे दुसऱ्यांदा म्हटले की कुणी विश्वास ठेवत नाही. गाडी कुठे आहे ते कार्यकर्त्याकडून कळवून घ्या आणि खरे सांगा : अर्धा तास लागेल, तोवर लहान मुलांची बक्षिसे उरकतो. ज्या बाबींना पाहुणे लागत नाहीत त्यांची यादी वेगळ्या रंगाच्या कार्डावर आधीच असू द्या. पाहुणे आल्यावर चालू बाब पूर्ण होऊ द्या. नाचणाऱ्या मुलांना थांबवून स्वागत करू नका.

वीज : माईक बंद असतो हे लक्षात ठेवा. मंडपात बॅटरीवरचा भोंगा हवाच, आणि तो चालतो का ते त्याच दुपारी पाहिलेले हवे. ‘घाबरू नका’ म्हणू नका. घाबरण्यासारखे काही आहे, हे लोकांना त्यातूनच कळते. काय करायचे ते सांगा : जागेवर बसून राहा, मोबाइलचे दिवे जमिनीकडे धरा, जनरेटर सुरू होतो आहे. बाहेर काढायची वेळ आली तर दारे नावाने सांगा, मागच्या रांगा आधी, आणि मंचावरच्या पाहुण्यांना मागच्या बाजूने. कुणी कोसळले तर ‘डॉक्टर असतील तर मंचाच्या डाव्या पायरीशी या’ एवढेच. कुणाला काय झाले हे माईकवर नको.

हरवलेले मूल : सापडलेल्या मुलाचे नाव, कपड्यांचा रंग, वय काहीही जाहीर करू नका, कारण तेवढ्या माहितीवर कुणीही येऊन ‘माझेच’ म्हणू शकतो. घोषणा अशी : ‘एक मूल आमच्याकडे सुखरूप आहे. ज्यांचे मूल सोबत नाही त्यांनी ध्वनिक्षेपकाच्या खोलीजवळच्या पोलीस मदत केंद्रात यावे.’ नाव, कपडे, खूण हे येणाऱ्याने सांगायचे आणि पोलिसांनी पडताळायचे. उलट, पालकच मूल हरवले म्हणून आले, तर वर्णन माईकवर जाण्याआधी मंडपाच्या साऱ्या दारांवरच्या कार्यकर्त्यांना फोनवर कळवा, घोषणा त्यानंतर.